मोठ्या आतड्याचा कर्करोग : संकोच सोडा, तपासणी करा

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून मी जमाखर्चाचा आढावा सादर करतो. यंदाची पत्रके अहवालात छापलेली आहेतच. ती आपण सवडीने पाहालच. आज मला मिळालेली वीस मिनिटे मी एका आजारासाठी वापरणार आहे. तो आजार म्हणजे मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग. मी डॉक्टर नाही, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे या भाषणातील वैद्यकीय भाग आमच्या शल्यचिकित्सकांना दाखवून घेतला आहे. विचार मात्र माझे आहेत.

या विषयाला एक निमित्तही आहे. आपल्या एका हितचिंतकांनी या कर्करोगासाठी मोफत तपासणी शिबिर घ्यावे म्हणून भरघोस देणगी देऊ केली आहे. असे शिबिर घ्यावे काय, घ्यायचे तर कसे, याबद्दल विश्वस्तांनी माझे मत विचारले. ते मत बंद खोलीत मांडण्यापेक्षा सर्वांसमोर मांडावे, असे मला वाटले. कारण प्रश्न जितका पैशाचा आहे, तितकाच तो आपल्या समजुतीचा आणि आपल्या संकोचाचा आहे.

बोलायला अवघड विषय

आमच्या नोंदणी खिडकीवर रोज शेकडो माणसे येतात. ताप, खोकला, गुडघेदुखी सांगताना कुणाचा आवाज खाली जात नाही. शौचावाटे रक्त जाते, हे सांगताना मात्र जातो. पुष्कळ जण ते सांगतच नाहीत. "पोटाचा त्रास आहे" एवढेच केसपेपरवर लिहून घेतात. घरातल्या स्त्रिया तर नवऱ्याला किंवा मुलालाही ते सांगत नाहीत. सांगितलेच, तर घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "अंगात उष्णता झाली असेल", "तिखट कमी कर", "मोड आले असतील". मग ताक, सब्जा, सुरणाची भाजी सुरू होते. भिंतीवरील जाहिरातीतला 'बिनाऑपरेशन हमखास इलाज' होतो. मलमांच्या नळ्या होतात. या उपायांनी मूळव्याधीच्या एखाद्या रुग्णाला आराम पडतही असेल. पण रक्त कोठून येते आहे, हे कुणी पाहिलेलेच नसते.

हा संकोच आपल्याच समाजापुरता आहे असे समजू नये. अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या लोकप्रिय निवेदिका कॅटी कुरिक यांचे पती १९९८ साली वयाच्या अवघ्या ४२व्या वर्षी याच कर्करोगाने गेले. दोन वर्षांनी, मार्च २००० मध्ये, त्यांनी स्वतःच्या मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी दूरचित्रवाणीवर लोकांना दाखवली. त्यानंतर त्या देशात अशा तपासण्यांची संख्या लक्षणीय वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. शरमेचा विषय कुणीतरी प्रतिष्ठित व्यक्तीने उघडपणे बोलून दाखवला की इतरांचीही जीभ मोकळी होते, एवढाच याचा अर्थ.

आजाराचे स्वरूप

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांबीचे असते. त्याच्या शेवटच्या भागाला गुदाशय म्हणतात. आतड्याच्या आतील अस्तरावर काही माणसांमध्ये लहान लहान मांसल कोंब उगवतात. डॉक्टर त्यांना पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. त्यांतील काही मात्र हळूहळू वाढतात, त्यांचे स्वरूप बदलते आणि कर्करोग होतो. या वाटचालीला सामान्यतः दहाएक वर्षे लागतात.

ही दहा वर्षे फार मोलाची आहेत. या काळात पॉलिप सापडला, तर दुर्बिणीतूनच तारेच्या फासाने तो काढून टाकता येतो. पोट उघडावे लागत नाही. हे तंत्र १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. हिरोमी शिन्या आणि डॉ. विल्यम वुल्फ यांनी विकसित केले. म्हणजे येथे तपासणी केवळ आजार लवकर शोधते असे नाही. ती आजार होण्यापूर्वीच त्याचे मूळ काढून टाकते. फार थोड्या कर्करोगांबाबत असे म्हणता येते.

उशिराचा परिणाम काय होतो, तेही सांगतो. अमेरिकेतील नोंदींनुसार, रोग आतड्यापुरता मर्यादित असताना निदान झाले तर पाच वर्षांनंतर दहापैकी सुमारे नऊ रुग्ण हयात असतात. रोग यकृत किंवा फुप्फुसापर्यंत पसरल्यावर निदान झाले, तर दहापैकी दोघेही उरत नाहीत. आजार एकच, डॉक्टर तेच, औषधे तीच. फरक निदानाच्या वेळेचा.

आपल्या देशातील चित्र

२०२२ साली जगभरात या कर्करोगाचे १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख लोक त्याने मृत्यू पावले, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. भारतात दरवर्षी साठ-सत्तर हजार नवे रुग्ण आढळतात. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कितीतरी पटींनी कमी आहे. कर्करोगाच्या नोंदी ठेवण्यात आपले राज्य अग्रेसर राहिले आहे. मुंबईची नोंदणी १९६३ पासून चालू आहे आणि देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली सुरू झाली. खेड्यांत हा कर्करोग शहरांपेक्षा कमी आढळतो, हे या नोंदींवरूनच कळते.

प्रमाण कमी, ही समाधानाची बाब खरी; पण तिला दुसरी बाजू आहे. आजार विरळ असल्यामुळे तो कुणाच्या मनातच येत नाही, रुग्णाच्याही नाही आणि कधीकधी पहिल्या तपासणाऱ्याच्याही नाही. शिवाय आपल्याकडे तुलनेने तरुण माणसे या आजाराने गाठली जातात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने आपल्या आठशे रुग्णांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध केली. त्या रुग्णांचे सरासरी वय ४७ वर्षांच्या आसपास होते आणि पुष्कळांचा आजार पुढच्या अवस्थेत पोहोचलेला होता. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस म्हणजे घरातील कर्ता माणूस. मुले शिकत असतात, कर्ज फिटायचे असते.

आहार आणि राहणीमान यांचा या आजाराशी संबंध आहे. स्थूलपणा, बैठे काम, मद्य, तंबाखू आणि प्रक्रिया केलेले मांस यांमुळे धोका वाढतो. प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली कर्करोगास निश्चित कारणीभूत असणाऱ्या पदार्थांत केला. भाकरी, डाळी, पालेभाज्या यांतील चोथा आतड्याला हितकर असतो. परंतु "आम्ही शुद्ध शाकाहारी, आम्हाला काय होणार?" हा युक्तिवाद टिकणारा नाही. धोका कमी होणे वेगळे आणि नाहीसा होणे वेगळे.

मूळव्याध की आणखी काही?

येथे बसलेल्या प्रत्येकाने घरी जाताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. शौचावाटे रक्त जाण्याचे कारण बहुतेक वेळा मूळव्याध किंवा चीर हेच असते. म्हणून घाबरून जाऊ नये. पण ते मूळव्याधच आहे, हे ठरवण्याचा अधिकार शेजाऱ्याचा नाही, औषध दुकानदाराचा नाही आणि आपला स्वतःचाही नाही. ते पाहून ठरवावे लागते. आणखी एक गोष्ट अशी की, मूळव्याध असलेल्या माणसालाही कर्करोग होऊ शकतो. दहा वर्षांपूर्वी मूळव्याधीचे निदान झाले होते, एवढ्यावरून आजचे रक्त त्याचेच असे म्हणता येत नाही.

डॉक्टरांनी सांगितलेली लक्षणे अशी आहेत. मलातून रक्त किंवा सतत चिकट आव जाणे. शौचाच्या नेहमीच्या सवयीत तीन-चार आठवड्यांहून अधिक टिकणारा बदल, म्हणजे कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब. जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्याची भावना. कारणाशिवाय वजन घटणे. पोटात गोळा किंवा वारंवार येणाऱ्या कळा. आणि एक लक्षण असे, ज्याकडे हमखास दुर्लक्ष होते : पुरुषाचे किंवा पाळी गेलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन विनाकारण कमी होणे. आतड्याच्या उजव्या बाजूच्या गाठीतून रक्त थोडे थोडे झिरपते, डोळ्यांना दिसत नाही. माणूस मात्र फिकट पडत जातो, जिना चढताना धापा टाकतो. अशा वेळी केवळ लोहाच्या गोळ्या देऊन थांबू नये. लोह कोठे खर्ची पडते आहे, हे शोधावे. आम्ही हिशेबनीस मंडळी तिजोरीत तूट आली की नुसती भर घालून थांबत नाही, तूट का आली ते पाहतो. शरीराचा न्याय याहून निराळा नाही.

आपल्याकडे या कर्करोगांत गुदाशयातील गाठींचे प्रमाण मोठे आहे आणि त्यांतील अनेक गाठी डॉक्टरांच्या बोटाला लागतात. हातमोजा घालून केलेल्या त्या तपासणीला एक-दोन मिनिटे लागतात. यंत्र लागत नाही, विशेष खर्च येत नाही. रुग्ण लाजतो म्हणून ती टाळली जाते. नातेवाइकांना माझी विनंती आहे की, रक्ताची तक्रार असताना ही तपासणी झाली नसेल, तर "डॉक्टर, आतून तपासले का?" असे आपण आदराने विचारावे. स्त्री रुग्णांनी स्त्री डॉक्टर किंवा परिचारिकेची उपस्थिती मागावी. तो त्यांचा हक्क आहे.

पुष्कळांना आणखी एक भीती असते, 'पोटावर कायमची पिशवी लागेल' ही. लवकर निदान झालेल्या बहुसंख्य रुग्णांना कायमची पिशवी लागत नाही. काहींना ती तात्पुरती लागते. ज्यांना कायमची लागते, तेही नोकरी करतात, शेती पाहतात, प्रवास करतात. पिशवीच्या भीतीने तपासणी लांबवली, तर पिशवी लागण्याचीच शक्यता वाढते.

तपासणीचे मार्ग

लक्षणे नसलेल्या निरोगी माणसांची तपासणी हा दुसरा भाग. तिचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला, मलातील डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधण्याची चाचणी. घरीच नमुना घेऊन लहानशी कुपी प्रयोगशाळेत द्यायची असते. नव्या प्रकारची चाचणी केवळ मानवी रक्तच ओळखते, त्यामुळे तिला पथ्य लागत नाही. ती दर वर्षी किंवा दोन वर्षांनी पुन्हा करावी लागते. दुसरा मार्ग कोलोनोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीने संपूर्ण मोठे आतडे पाहण्याचा. आदल्या दिवशी जुलाबाचे औषध घेऊन पोट साफ करावे लागते. त्याचाच काय तो मुख्य त्रास. तपासणी साधारण अर्ध्या तासात होते आणि माणूस बहुधा त्याच दिवशी घरी जातो. आतड्याला इजा होण्याचा धोका असतो, पण तो अत्यल्प आहे.

अशा चाचण्यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. अमेरिकेतील मिनेसोटा येथे ४६ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. दर वर्षी मलातील रक्ताची चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू एकतृतीयांशाने कमी झाले होते. इंग्लंडमध्ये २००६ पासून सरकारच नागरिकांच्या घरी टपालाने ही कुपी पाठवते. आता तेथे ५० ते ७४ वर्षे वयाच्या सर्वांना ती मिळते. अमेरिकेत तपासणीचे वय २०२१ साली ५० वरून ४५ वर आणले गेले. आपली मुले, सुना, जावई त्या देशांत आहेत. त्यांना असे पत्र आले तर ते कचऱ्यात टाकू नका, एवढे त्यांना फोनवर अवश्य सांगा.

आपल्या देशात मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी तिशीच्या पुढील लोकांची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. मोठ्या आतड्याचा कर्करोग त्यात नाही. जेथे आजाराचे प्रमाण कमी आणि दुर्बीण तपासणीच्या सोयी तोकड्या, तेथे सरसकट सर्वांची चाचणी करण्यापेक्षा अधिक गरजेच्या ठिकाणी बळ लावणे शहाणपणाचे ठरते.

शिबिर की पाठपुरावा?

आता शिबिराच्या प्रश्नाकडे येतो. समजा, आपण २,००० लोकांना कुप्या वाटल्या. पाश्चात्त्य देशांतील अनुभव धरला, तर शंभरातील साधारण पाच-सात जणांच्या नमुन्यात रक्त सापडते. म्हणजे आपल्याकडे १०० ते १४० जण होतील. मूळव्याध, जंत अशा कारणांनी हा आकडा वाढूही शकेल. या प्रत्येकाची कोलोनोस्कोपी व्हायलाच हवी. त्यांतील बहुतेकांना कर्करोग नसेल, पण तो नाही हे सांगण्यासाठीही दुर्बीण लागेल. ती कोण करणार, किती दिवसांत करणार, खर्च कुणाचा? या प्रश्नांची उत्तरे नसताना कुपी वाटणे म्हणजे माणसाच्या हाती काळजी देऊन त्याला घरी पाठवणे होय. उलट ज्यांच्या नमुन्यात त्या दिवशी रक्त सापडले नाही, ते निर्धास्त होतील. पुढील वर्षी शिबिर नसेल, आणि चाचणी तर पुन्हा पुन्हा करायची असते. शिवाय ज्यांना प्रत्यक्ष रक्त जाते आहे, त्यांनी केवळ या कुपीवर विसंबून राहणे धोक्याचे आहे. त्यांनी थेट डॉक्टरांकडेच गेले पाहिजे.

म्हणून माझे विश्वस्तांपुढे आणि त्या उदार हितचिंतकांपुढे नम्र निवेदन असे आहे की, ही रक्कम एका दिवसाच्या शिबिरावर खर्च न करता तिचा स्वतंत्र निधी करावा आणि तो पुढील क्रमाने वापरावा.

पहिला हक्क लक्षणे असलेल्यांचा. शौचावाटे रक्त जाणारा किंवा विनाकारण रक्तक्षय झालेला कोणताही रुग्ण, डॉक्टरांनी दुर्बीण तपासणी सांगितल्यावर, पैशाअभावी परत जाऊ नये.

दुसरा हक्क रुग्णांच्या रक्ताच्या नात्यातील माणसांचा. आई, वडील, भाऊ, बहीण किंवा अपत्य यांपैकी कुणाला हा कर्करोग झाला असेल, तर बाकीच्यांना धोका अधिक असतो. अशा व्यक्तीने वयाच्या ४०व्या वर्षापासून, किंवा घरातील रुग्णाला ज्या वयात आजार झाला त्याच्या दहा वर्षे आधीपासून, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करून घ्यावी, असा सर्वसाधारण नियम आहे. वडिलांना ४५व्या वर्षी आजार झाला असेल, तर मुलाने ३५व्या वर्षीच यावे. काही घराण्यांत तर दोष आनुवंशिक असतो. १८९५ साली अमेरिकेतील एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी डॉ. वॉर्थिन यांना सांगितले होते की, आमच्या घरात अनेक जण कर्करोगाने गेले, मीही तशीच जाणार. दुर्दैवाने तसेच घडले. डॉ. वॉर्थिन यांनी त्या घराण्याची वंशावळ तयार करून १९१३ साली प्रसिद्ध केली, पुढे डॉ. हेन्री लिंच यांनी याच विषयाचा ध्यास घेतला आणि या आनुवंशिक दोषाला आज त्यांचेच नाव आहे. त्या बाईंजवळ भीतीशिवाय काही नव्हते. आज आपल्याजवळ दुर्बीण आहे. यासाठी मी असे सुचवतो की, या आजाराच्या प्रत्येक रुग्णाला घरी सोडताना डिस्चार्ज कार्डासोबत एक मराठी चिठ्ठी द्यावी. घरातील कुणी, कोणत्या वयात तपासणीस यावे, हे तीत नावानिशी लिहिलेले असावे. ज्यांना आतड्याच्या दाहाचा जुना आजार आहे, त्यांनाही आजार सुरू होऊन आठ वर्षे झाल्यावर अशीच चिठ्ठी मिळावी.

तिसरा हक्क पंचेचाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या इतर इच्छुकांचा. त्यांना कुपी जरूर द्यावी. मात्र महिन्याला जितक्या जादा कोलोनोस्कोपी आपण करू शकतो, तेवढ्याच बेताने.

निधीची गरज का?

आपण विचाराल, सरकारी तरतुदी असताना वेगळा निधी कशाला? सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक नुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. याशिवाय महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. या सर्वांचा लाभ आपल्या रुग्णांना होतो आणि झालाच पाहिजे. परंतु या तरतुदी मुख्यतः आजारी पडलेल्या माणसाच्या उपचारांचा विचार करतात. ज्याला अजून काहीच झालेले नाही, अशा रुग्णाच्या पस्तिशीतल्या मुलाची तपासणी हा खर्च कोणत्या सदरात घालावा, असा प्रश्न आम्हाला लेखा विभागात खरोखरच पडतो. ती फट देणगीदारच भरून काढू शकतात.

मला याची जाणीव आहे की, शिबिराला फलक असतो, छायाचित्र असते, लाभार्थींचा आकडा असतो. या निधीला त्यांपैकी काहीच असणार नाही. पॉलिप काढलेला तरुण आपल्या कामावर निघून जाईल. आपण कशातून वाचलो, हे त्यालाही नीटसे कळणार नाही. न झालेल्या आजाराची नोंद कोणत्याच ताळेबंदात होत नाही. तरीही इतकी वर्षे या रुग्णालयाची बिले पाहणारा माणूस म्हणून मी सांगतो की, एका दुर्बीण तपासणीचा खर्च आणि पुढच्या अवस्थेतील शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार यांचा खर्च यांची तुलनाच होऊ शकत नाही. शेत गहाण पडते, मुलीचे शिक्षण थांबते, ते तर आमच्या बिलात येतही नाही.

आपणां सर्वांना माझी शेवटची विनंती अशी. आज घरी गेल्यावर जेवणाच्या वेळी नको, पण रात्री निवांतपणे घरातल्या मोठ्या माणसांना विचारा : रक्त जाते का, सवयीत बदल झाला आहे का, आपल्या घराण्यात कुणाला हा आजार होता का. उत्तर मिळायला दोन दिवस लागतील, पण मिळेल. आणि काही आढळले, तर त्यांना घेऊन आमच्या बाह्यरुग्ण विभागात या. खिडकीवर मोठ्याने सांगण्याची गरज नाही. "आतड्याची तपासणी" एवढे म्हटले तरी पुरे.